न बोलणारा सोपानराव

६ नोव्हेंबर, गुरुवार
फर्स्ट शिफ्ट. बसमध्ये मागच्या बाकावर पोरांची तीच चर्चा, कॉम्प्युटरच्या गेमची. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या, बंदुका, एकमेकांना हुडकून मारायचं. बीडचा अमोल आमच्याच वेल्ड शॉपला ऑपरेटर. मोशी चौकात मी चढलो की हातातली डब्याची पिशवी घेतो, खिडकीची जागा सोडतो. आज म्हणाला, "काका, तुमच्या नावाचा एक गडी आलाय गेममधी. सोपानराव. लई भारी खेळायलाय."
चाकणचा संकेत म्हणाला, "काका, घरी गेल्यावर तुम्हीच बसता काय ओ गुपचूप?"
"मला अजून मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही," मी म्हणालो. हसले सगळे.
हा सोपानराव म्हणे तोंडातून शब्द काढत नाही. बाकीचे हेडफोनवर ओरडत असतात, हा नुसत्या खुणा करतो. "मुका असंल," अमोल म्हणाला. "पण नेम असा की देवानं वाचा काढून नेमात घातलीय."
सकाळी पूजेला दहाच मिनिटं मिळाली. नाम बसमध्येच घेतलं, या गलक्यात.

९ नोव्हेंबर, रविवार
पल्लवीच्या खोलीत चहा द्यायला गेलो. डिप्लोमाच्या ड्रॉइंगसाठी इक्बालभाईनं जुने भाग जोडून करून दिलेला कॉम्प्युटर. पडद्यावर लढाई चाललेली. खाली कोपऱ्यात नाव, सोपानराव.
मी कप धरून उभाच राहिलो.
"तुमचंच ठेवलंय पप्पा," पोरगी म्हणाली. मान वळवली नाही. "मुलीचं नाव ठेवलं की पहिल्या दिवशी फोन नंबर मागतात, दुसऱ्या दिवशी शिव्या. सोपानराव म्हटल्यावर कुणी वाटेला जात नाही."
तिनं घेतलेला गडीही पांढऱ्या दाढीचा म्हातारा. विचारलं, यात बायका नाहीत का? आहेत म्हणाली, दाखवल्या. पुरुषांना गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत. बायकांना त्याच लोखंडाचे दोन तुकडे. पोट उघडं, मांड्या उघड्या, पायांत उंच टाचा, आणि निघाल्या लढाईला. मी म्हणालो, ही आमच्या वेल्ड शॉपला आली तर सेफ्टीवाला गेटातूनच परत पाठवील, पहिल्या ठिणगीला भाजेल. पल्लवी एवढी हसली की तिचा म्हातारा मारला गेला.
"गोळी लागून पडली तरी हिचे केस विस्कटत नाहीत पप्पा. आणि मरताना आवाज असा काढते, की..." पुढं बोलली नाही. मीही विचारलं नाही.
जाताना म्हणाली, बसमध्ये सांगू नका. तुमची मुलगी म्हणून मान नको. माझ्या खेळावर राहू दे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बसमध्ये पुन्हा सोपानराव. काल त्यानं एकट्यानं चौघांना पाडलं. संकेत हात करून करून दाखवत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण कान मागं. मुद्दाम बावळट प्रश्न विचारले, म्हणजे अजून सांगतील. सांगितलं.
घरी येऊन मंगलला सगळं परत सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी लढाया मारती आन् बाप फुगतोय. अभ्यासाचं बगा."
फुगलो होतो हे खरं. अहंकार नको म्हणून रोज हात जोडतो. लेकीचा चालत असावा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आळंदीच्या यात्रेनं रस्ता भरलेला. बस अर्धा तास एकाच जागी. अमोलनं स्वतःच्या डब्यातली शेंगाची पोळी दिली, आईनं गावाकडून पाठवलेली. चांगला पोरगा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लाइनवर नवीन मुली ट्रेनी आल्या. हातमोजे सगळे पुरुषांच्या मापाचे. एकीनं मनगटाला सुतळी बांधली होती, म्हणजे निसटू नये. मी क्वालिटीचा माणूस, हे माझं काम नाही, तरी स्टोअरला लिहून दिलं. स्टोअरवाला म्हणतो, "काका, एकच माप येतं." पल्लवीनं दाखवलेलं ते चिलखत आठवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज पल्लवी स्वयंपाकघरात आली ती उड्या मारतच. अमोलच्या टोळीनं सोपानरावला बोलावलंय. रावेतला १४ डिसेंबरला स्पर्धा आहे, एका हॉलमध्ये, समोरासमोर बसून खेळायची. त्यांचा पाचवा गडी कमी आहे.
मग माझ्यापाशी बसली. म्हणाली, तिथं तर तोंड दाखवावंच लागेल. आणि आधी सराव करायचा तर माइक चालू पाहिजे, खुणांनी भागत नाही. बोलू का पप्पा?
मी विचारसुद्धा केला नाही. म्हणालो, बोल की. आपल्याच बसमधली पोरं आहेत. मला रोज खिडकी देतात. घरंदाज आहेत.
"तुम्ही ओळखता ना नक्की?"
"तीन वर्षं ओळखतो," मी म्हणालो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी देवापुढं बसलो होतो. पलीकडं पल्लवीचा आवाज आला. "उजवीकडं दोघं आहेत, पायऱ्यांखाली. थांबा, मी जाते." स्वच्छ, न घाबरता. किती दिवसांनी तिचा एवढा मोकळा आवाज ऐकला. मी हात जोडलेले तसेच ठेवले.
नंतर काहीच नाही.
आत गेलो तर हेडफोन टेबलावर काढून ठेवलेले आणि ती हात मांडीवर घेऊन बसलेली. हेडफोनमधून बारीक आवाज येत होते, डब्यात किडे कोंडावेत तसे. हसणं. अमोलचा आवाज ओळखू आला, "एवढे दिवस बाईच्या मागं पळायलो व्हय आपण." मग दुसरा कोणी, भाकरी थाप जा म्हणून. मग संकेत. संकेत जे बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. त्या पडद्यावरच्या बायकांसारखी तू पण

लिहीत नाही.
वायर मी उपटली. कुठली उपटायची ते कळत नव्हतं, सगळ्याच उपटल्या. पल्लवी म्हणाली, "राहू द्या पप्पा. असंच असतं."

२६ नोव्हेंबर, बुधवार
लिहायचं नव्हतं. पण इथंही खोटं लिहिलं तर मग कुठं.
बसमध्ये चढलो. अमोलनं पिशवी घेतली, खिडकी दिली. मी बसलो. बसायला नको होतं, पण रोजची सवय, बसलो. मागं सुरू झालं. अमोल पुढं वाकून म्हणाला, "काका, ऐकलंव का? तुमच्या नावाचा तो गडी बाई निघाला."
हशा.
संकेत म्हणाला, "काका, तुमच्या नावाला बट्टा लावला राव तिनं." आणि मग तिच्या आवाजाबद्दल एक वाक्य. पोरी कुणासाठी असा आवाज काढतात, त्याबद्दल. सगळी बस हसली. पुढं बसलेला ड्रायव्हरही.
मीसुद्धा हसलो.
का, ते सांगता येणार नाही. तोंड आपोआप तसं झालं. बसमध्ये कोणी काही बोललं की हसायचं, तीन वर्षं तसंच हसत आलोय. गेटवर उतरताना अमोलनं पिशवी हातात दिली. मी म्हणालो, थँक्यू.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मंगलनं कलश मांडला, कहाणी वाचली. पल्लवी दरवर्षी फुलांची वेणी करते, यंदाही केली. तिला टोळीतून काढलं असं आईला सांगत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांना दुसरा मिळाला."
कॉम्प्युटरवर जुना टॉवेल टाकलाय.
मी नैवेद्याला हात लावला नाही. मंगल म्हणाली, "बरं वाटत न्हाई व्हय?" हो म्हणालो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
इक्बालभाई आला होता. मीच उपटलेल्या वायरी नीट करायला. निघोज्याला त्याचं दुरुस्तीचं दुकान. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळं त्याच्यापाशी लपत नाही. बसमधलं सोडून बाकी सांगितलं.
तो एका वायरीची पिन साफ करत राहिला. मग म्हणाला, "सोप्या, माझ्याकडं पोरी येतात हेडफोन घ्यायला. म्हणतात, चाचा, माइक नसलेला द्या. मला वाटायचं स्वस्त पडतो म्हणून मागत असतील. एकीनं तर चांगला माइकवाला आणला, म्हणे ही दांडी कापून द्या. मी कापून दिली. विचारलं पण नाही, बेटा का?"
पल्लवीला त्यानं हाक मारली, "चालू आहे बघ गं मशीन."
ती आतून म्हणाली, "असू दे चाचा." टॉवेल तसाच.

३० नोव्हेंबर, रविवार
समजवायला गेलो. नको होतं जायला. म्हणालो, चार वाह्यात पोरांपायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं. न बोलता खेळत होतीस ते काय वाईट होतं. आवाजाचं काय एवढं.
पल्लवी शांतपणे म्हणाली, "देवळातही तुम्ही हेच म्हणाला होता."
मला आधी कळेना. मग कळलं.
आमच्या भैरवनाथाच्या देवळात एकादशीला भजन असतं. लहान मुली पुढं टाळकऱ्यांच्या ओळीत बसतात, चाल सांगतात. मोठ्या झाल्या की उठून मागं बायकांत. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तसं आहे. पल्लवीसारखा आवाज गावात कुणाला नव्हता. बारा वर्षांची असताना बुवा मला म्हणाले, सोपान, पोरगी मोठी झाली, आता मागं बसव. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडली, तेव्हा मी म्हणालो होतो, देवाला मागूनही ऐकू येतं, आवाजाचं काय एवढं.
त्यानंतर ती दोन एकादशा आली आणि मग परीक्षा, क्लास, असं होत होत बंद झाली. मला वाटलं, अभ्यास वाढला.
सात वर्षं झाली. तिनं शब्द जसेच्या तसे ठेवले होते.
वर म्हणाली, "त्या पोरांनी शिव्या दिल्या. तुम्ही प्रेमानं सांगितलंत. एवढाच फरक."

१ डिसेंबर, सोमवार
एकादशी. उपास. संध्याकाळी देवळात गेलो. पुढच्या ओळीत कुंभारांची श्रेया होती, आठ-नऊ वर्षांची, डोळे मिटून चाल सांगत होती. अजून तीन वर्षं, फार तर चार. माझा टाळ दोनदा चुकला. बुवांनी बघितलं. वय झालं त्यांचंही, माणूस वाईट नाही. आपल्यात कुणीच वाईट नाही, हीच तर...
प्रसाद न घेता आलो.

४ डिसेंबर, गुरुवार
दत्तजयंती. सुट्टी नाही. बसमध्ये उभ्यानंच गेलो, पाठ दुखते म्हणून सांगितलं. अमोल म्हणाला, "काका, पाठीला बसूनच बरं वाटतंय की." पिशवी दिली नाही त्याला. ओढायला लागला, "आवो द्या की," तरी दिली नाही. त्याला काही समजलं नाही.
त्यांना पाचवा गडी मिळालेला नाही. संकेत म्हणत होता, ती बाई निदान नेम तरी... मग दुसरा बोलला आणि पुन्हा हशा. यावेळी मी हसलो नाही. त्यानं कुणाला काय फरक पडला.

९ डिसेंबर, मंगळवार
चहाच्या सुट्टीत अमोलला प्रेस मशीनच्या मागं नेलं. सांगितलं. सोपानराव म्हणून खेळत होती ती माझी मुलगी. पल्लवी.
पोरगा पांढरा पडला. कप खाली ठेवला आणि वाकून पायाला हात लावायला लागला. "काका, आईशप्पथ, आधी सांगायचं हुतं हो. तुमची पोरगी हाय म्हणून माहीत असतं तर कुणाची टाप हुती का बोलायची? संक्याचं थोबाड फोडलं असतं."
मी म्हणालो, "माझी नसती तर?"
"तसं नाही काका."
"मग कसं?"
त्यानं खाली ठेवलेला कप उचलला. भोंगा झाला. जाताना म्हणाला, "ताईला सांगा, घरी येऊन माफी मागतो. आणि रावेतला त्याच खेळतील, आमी माइकवर तोंड उघडत नाही."
मला, खरं सांगायचं तर, हलकं वाटलं. ती चूकच. कुणाचं ओझं कुठं गेलं होतं म्हणून मला हलकं वाटावं? तरी घरी येताना चालण्यात जोर होता. चप्पल काढायच्या आधी पल्लवीला सांगितलं, अमोल माफी मागतोय, टोळीत परत बोलावलंय.
ती म्हणाली, "तुमची म्हणून."
"तसं नाही गं." तोंडातून अमोलचेच शब्द बाहेर आले.
"दुसरी कुणी असती तर आज पण हसतच असते ना बसमध्ये?"
मी चप्पल काढायला वाकलो. मग तिनं वर बघितलं. "बसमध्ये बोलत होते? तुमच्यासमोर?"
हो.
"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"
मी म्हणालो, बसचा आवाज फार असतो, नीट ऐकू आलं नाही.
"बरं," म्हणाली.

१० डिसेंबर, बुधवार
खोटं बोललो. तिला ते माहीत आहे असं वाटतं. नसेल तर जास्त वाईट.

११ डिसेंबर, गुरुवार
सकाळी पूजेत गंध उगाळताना हात थांबला. देवाला काय सांगायचं, त्यानं तर सगळं बघितलेलंच. त्याच्यापुढं कबूल होणं सोपं आहे, तो परत विचारत नाही.
संकेत बसमध्ये माझ्याशी नजर मिळवत नाही. अमोलनं सगळ्यांना सांगितलेलं दिसतं. मागचा बाक एकदम सज्जन झालाय. क्रिकेटवर बोलतात. मात्र संकेतच्या मोबाइलवर काहीतरी चालू होतं, हेडफोन एकाच कानात, आणि मध्येच तो तसाच हसला. कुणीतरी दुसरी सापडली असावी. जिचा बाप बसमध्ये नाही.
मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, "संकेत, बंद कर ते."
"काका, ही कुठं आपली पल्लवीताई आहे," तो म्हणाला, मला धीर द्यावा तसा.
"बंद कर."
केलं. बस चाकणच्या सिग्नलला थांबली होती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. पंधरा दिवस आधी हेच करायचं होतं. एवढंच होतं ते. दोन शब्दांचं काम.

१४ डिसेंबर, रविवार
आज रावेतची स्पर्धा. पल्लवी गेली नाही. अमोलचा सकाळी मला फोन, "ताई येतात का, जागा ठेवलीय." तिला विचारलं. नाही म्हणाली. रागानं नाही, साधंच.
दुपारी ओट्याखाली वर्तमानपत्र पसरून मायलेकी मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो. म्हणालो, पल्लवी, त्या दिवशी बसमध्ये मला ऐकू आलं होतं. सगळं. शब्द न् शब्द.
ती निवडत राहिली.
"तू विचारलंस, मी काय म्हणालो. मी काही म्हणालो नाही. मी हसलो होतो."
मंगलचा हात थांबला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाहेर कुणाची तरी टू-व्हीलर सुरू होत नव्हती, किक मारत होता, तेवढाच आवाज.
पल्लवीनं विचारलं, "मोठ्यानं?"
मला या प्रश्नाची तयारी नव्हती. आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं.
"नाही," म्हणालो. "पण त्यांना दिसेल एवढं."
तिनं हातातली काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली, देठ दुसऱ्या बाजूला. मग उठली, हात धुतले आणि खोलीत गेली. दार लावलं नाही. नुसतं लोटलं.
मंगल म्हणाली, "आवो, ह्ये काय केलंत?" सांगितलं ते, की हसलो ते, कशाबद्दल म्हणत होती कळलं नाही. मीही विचारलं नाही. ती उठून अंगणात गेली.
जुडी अर्धी राहिली होती. ती मी निवडली. मग कोथिंबीरही निवडली, ती करायची नव्हती तरी.
आता पाच वाजत आलेत. आतून काही आवाज नाही. हाक मारावी का? मारली तर ती येईल, तशी शिकवलेली आहे. म्हणून मारत नाही.
इथंच बसलोय, दारासमोर.